कोंड्यातल्या अळ्या

लग्न होऊन मी धुळ्याकडून सुरतेला आले, लिंबायतच्या दोन खोल्यांत. माझे मिस्टर कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात घासकाम करायचे. प्लेगची साथ येऊन गेल्यानंतरचा तो काळ. गल्लीत सारखी पांढरी पावडर मारली जायची आणि गटारीच्या कडेला झुरळं उताणी पडलेली दिसायची. मला दिवस गेले होते, तिसरा महिना होता. फोडणीचा वास आला तरी मी मोरीकडे धावायचे.

अशात एका संध्याकाळी मिस्टर काचेची पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून घरात आले. आत दोन पाली होत्या. भिंतीवरच्या पालीच्या दुप्पट जाड, पिवळ्या अंगावर काळे ठिपके, आणि शेपूट भरलेल्या मिरचीसारखं फुगलेलं. एकीने माझ्याकडे बघत जीभ बाहेर काढली आणि स्वतःचाच डोळा चाटला. मी तिथेच ओकले.

"हाई काय लई उना रे तू?" सासूबाई ओरडल्या. "पोटवाली बाई शे घरमा, आनि तू पाली लयना?"

पाली कारखान्याच्या शेठच्या मुलाच्या होत्या. तो बेल्जियमहून येताना त्या घेऊन आला होता, लेपर्ड गेको म्हणायचा. आता त्याला पुन्हा तिकडे जायचं होतं आणि शेठाणी त्या बंगल्यात ठेवू देईनात. जैन घर, तिथे किडे मारून कोण खाऊ घालणार? आमच्या मिस्टरांना नाही म्हणता येत नसे. "थोड्याच महिन्यांचा प्रश्न आहे गं," ते मला म्हणाले. मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही.

सासूबाईंनी आधी पालींना दूधभात ठेवला, मग केळं. पालींनी हुंगलंसुद्धा नाही. भातावर बुरशी धरली. त्यांना जिवंत आणि हलणारंच लागतं, हे मिस्टरांना माहीत होतं, पण मला सांगायची त्यांची हिंमत होत नव्हती. मग ते गल्लीतली झुरळं डब्यात पकडून आणू लागले. मोठं झुरळ पालीच्या तोंडात पूर्ण मावत नसे. पाय ओठांबाहेर वळवळत राहायचे, आणि ती डोळे मिटून, चवीने, कचकच चावायची. तो आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. मी भाकरी थापता थापता कानात पदर कोंबायचे.

एका सकाळी त्या जोडीतली मादी एका बाजूला कलंडून पडली. तिने झुरळ उलटून टाकलं होतं. काळं, चिकट, अर्धं विरघळलेलं, पंख मात्र अख्खे. त्या वासाने सासूबाईसुद्धा बाहेर गेल्या. मिस्टर कारखान्यात होते, म्हणून ते पुसायचं माझ्यावर आलं. पुसताना मला दिसलं, झुरळाच्या पायांना गटारीवरची पांढरी पावडर लागलेली होती.

संध्याकाळी मी म्हणाले, "अहो, हे झुरळ विषाचं होतं. पाल मेली तर शेठला काय सांगणार?"

"मग काय घालू? किडे काय दुकानात मिळतात?"

मिस्टर जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. तो म्हशींचा डॉक्टर. तो हसला आणि म्हणाला, पालीला औषध नसतं, पाणी ठेवा. आम्ही ठेवलं. मादी दोन दिवस पडून राहिली आणि मग उठली. तोवर शेठच्या मुलाचा कारखान्यात फोन आला. त्याने मिस्टरांना नीट समजावलं, ते मिस्टरांनी मला: किडा पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. रोज एकच प्रकार नको. औषध मारलेल्या जागेचा नको. चमकणारा किडा तर कधीच नको, काजवा म्हणजे त्यांना जहरच. आणि किड्याला आधी चांगलं खाऊ घालायचं, त्यावर कॅल्शियम भुरभुरायचं, मग द्यायचा.

"म्हणजे मी आता किड्यांचाही स्वयंपाक करायचा?" मी विचारलं.

केला. दुसरं कोण करणार होतं? पिठाच्या गिरणीवाल्याकडून जुना कोंडा आणला. त्यात पिवळ्या अळ्या होत्याच. त्या मडक्यात, वर गाजराचे काप. मडक्याचं फडकं काढलं की आतला कोंडा आपोआप हलताना दिसायचा आणि उबट, आंबूस वाफ नाकात शिरायची. अळ्या कात टाकायच्या, त्या कातीही मीच चाळायची. मिस्टर सुट्टीच्या दिवशी वस्तीबाहेरच्या गवतात जाऊन नाकतोडे आणि रातकिडे आणायचे. रातकिडे बरणीत, त्यांना कोथिंबीर आणि बटाट्याची साल. न खाल्लेला रातकिडा पेटीत राहिला तर उलट पालीलाच चावतो, म्हणून तो चिमट्याने बाहेर काढायचा. आणि कॅल्शियम म्हणजे दवाखान्यातून मला मिळालेल्या गोळ्या. निम्मी मी गिळायची, निम्मी खलबत्त्यात कुटून किड्यांवर. पांढरे झालेले किडे बरणीत धडपडत राहायचे. मग साबणाने हात धुवायचे, पुन्हा धुवायचे, आणि तरी त्या हाताने घास तोंडात घालवत नसे. सासूबाईच मला भरवायच्या. भरवताना मिस्टरांकडे बघून पुटपुटायच्या, "पाल दखाडू नको तिले, पोरगं पालनागत व्हई."

सातव्या महिन्यात त्यांनी माझं डोहाळेजेवण केलं. गल्लीतल्या बायका जमल्या, मला हिरवी साडी, फुलांचे दागिने. पेटी आणि बरणी मी पलंगाखाली सरकवून वरून चादर सोडली होती. ओटी भरताना कुणाचा तरी पाय बरणीला लागला. झाकण उडालं. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग शेजारच्या वहिनींच्या श्रीखंडाच्या वाटीत एक रातकिडा येऊन बसला, पाठीवर कॅल्शियमची भुकटी. वहिनी किंचाळल्या. तोवर दुसरा कुणाच्या अंबाड्यात, तिसरा माझ्या ओटीतल्या नारळावर. बायका पाटांवर चढल्या, वाट्या उलटल्या, श्रीखंडात पाय पडले. पलंगाखालून पालींची पेटीही दिसली आणि मग तर एकच कल्ला झाला.

मी हमसून रडायला लागले. इतके महिने दाबून ठेवलेली सगळी किळस एकदम वर आली.

सासूबाईंनी पदर खोचला. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि उघड्या हाताने रातकिडे पकडून बरणीत टाकू लागल्या. "धरा ना वं, काय बघी राह्यन्यात!" त्या बायकांवर ओरडल्या. "मन्ही सूननी जपेल शेतस त्या!"

एक-दोघी खाली उतरल्या. बाकीच्या घरी गेल्या, न जेवता. त्या रात्री आम्ही दोघींनी फरशी फिनाइलने धुतली. सासूबाईंनी हात हुंगून तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "थू, काय घान शे!" तेव्हा मला हसू आलं, फार दिवसांनी.

मुलगी झाली. धट्टीकट्टी, माणसासारखी. तिच्या बारशानंतर शेठचा मुलगा आला. पालींची शेपटं तशीच जाड राहिलेली बघून खूश झाला. "भाभी, एवढ्या तब्येतीत कशा ठेवल्या?" त्याने विचारलं. मी त्याला मडकं दाखवलं, फडकं काढून. त्याने आत वाकून बघितलं, नाकावर रुमाल धरला आणि दोन पावलं मागे सरला.

"हे तुम्हीच न्या," मी म्हणाले. त्याने पेटी उचलली, मडकं नाही. ते मडकं मिस्टर गिरणीच्या मागच्या उकिरड्यावर रिकामं करून आले.

लोक म्हणतात, इतके दिवस सांभाळल्यावर लळा लागला असेल. नाही लागला. त्यांचं पोट मी नीट भरलं, एवढंच. अजूनही पीठ चाळताना एखादी अळी दिसली, तर मी चाळण तशीच टाकून बाहेर जाऊन उभी राहते.