शेवाळ धुतलेलं पाणी

तमिळनाडूतल्या तुतुकुडीच्या जुन्या बंदरामागच्या गल्लीत अमलोर्पवम रोश वाढली. एवढं लांबलचक नाव घरात कुणी घेत नसे. सगळ्यांची ती अमला. तिचा मामा इन्नासी शंख काढायला समुद्रात बुडी मारायचा. तो होडीतून उतरला की ही पोर त्याची जाळीची पिशवी उपसायला धावायची. शंखांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. पिशवीला चिकटून आलेला पाला, स्पंज, हलणारे खडे असलं काहीबाही ओच्यात भरून ती घरी न्यायची आणि आईकडून धपाटे खायची.

"घर आहे की बंदर?" आई ओरडायची.

मोठी झाल्यावर अमलाने त्याच उद्योगाची नोकरी मिळवली. गावाबाहेरच्या एका संशोधनशाळेत मुत्तुलक्ष्मी मॅडमच्या हाताखाली ती लागली. समुद्रातली शेवाळं आणायची, धुवायची, वाळवून दळायची, अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढायचा आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर तो घालून बघायचा. पेशी बहुतेक अर्कांना भीक घालत नसत. उलट दुसऱ्या दिवशी अंमळ गुबगुबीतच दिसत.

नाताळच्या धांदलीत मामाने एका बेटाजवळच्या खडकावरची तपकिरी शेवाळं आणून दिली. त्यांचा अर्क घातला आणि बशीतल्या जवळजवळ सगळ्या पेशी मेल्या. अमलाने सूक्ष्मदर्शकातून पुन्हा पुन्हा पाहिलं. मग मॅडमना हाताला धरून ओढत आणलं.

मॅडमनी शांतपणे पाहिलं. "छान. आता हेच पुन्हा करून दाखव."

तिथंच गाडं अडलं. खडक तोच, शेवाळ तेच, पण दुसऱ्या खेपेला पेशी ठणठणीत. तिसऱ्या खेपेलाही तेच. शेजारच्या टेबलावर काम करणारा पांडियराजन तर टपूनच बसलेला असे.

"अक्का, नाताळच्या नादात पेशींना खायला घालायचं विसरली असशील. उपासमारीनं गेल्या बिचाऱ्या."

"तुझ्या बशीतल्या बुरशीला मात्र रोज मेजवानी असते हं," अमला म्हणायची. पण मनातून ती खट्टू झाली होती.

काय बदललं? मामाने दुसरीकडून तर आणलं नव्हतं? ती त्याच्याकडे गेली.

"अगं, शंख तरी सरकतो, खडक कुठं जाणार?" मामा हसला. "तिथूनच आणलंय. नाहीतर ये माझ्याबरोबर पाण्यात."

ती खरंच गेली. स्वतःच्या हाताने शेवाळ उपटून आणलं. मग चूक राहू नये म्हणून प्रत्येक पान दात घासायच्या ब्रशने लख्ख घासलं. तरी पेशी ढिम्म. तिकडचा ऑक्टोबरातला पावसाळा आला, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "एवढी खेप बघ आणि सोड नाद."

त्या आठवड्यात डासांच्या अळ्या तपासणारी नगरपालिकेची बाई आली. संशोधनशाळेच्या मागे पाणी साठलेल्या बादल्या पाहून तिने कपाळाला हात लावला.

"एवढी शिकलेली माणसं, आणि पाठीमागं डेंग्यूची शेती!" ती एकेका बादलीत बॅटरी मारत होती. सगळीकडे अळ्या वळवळत होत्या. एका बादलीशी मात्र ती थबकली. "यात काय टाकलंय? सगळ्या मेल्यात."

"काही नाही टाकलं," अमला म्हणाली. "शेवाळ धुतलेलं पाणी आहे ते."

बाईने दुसरी बादली लवंडली, आणि ती हीही उचलणार तोच अमलाने तिचा हात घट्ट धरला. "थांबा! ही नको."

"म्हणजे चांगली अळ्यांची बादली ओतू द्यायची आणि मेलेली जपून ठेवायची? वा!" बाई पुटपुटत निघून गेली.

आधी वाटलं, मीठच असेल. अमलाने तेवढंच खारट पाणी करून त्यात अळ्या सोडल्या. मजेत पोहत राहिल्या. मग तिने बादलीतलं पाणी गाळलं. तळाशी हिरवट, बुळबुळीत साका राहिला. त्याचा अर्क पेशींवर घातला आणि सकाळपर्यंत धीर धरवेना, रात्रीच येऊन पाहिलं तर बशी साफ. पुन्हा केलं, तरी तेच. नाताळात घाईघाईने तिने शेवाळ नुसतं एकदा बुचकळून वाळत टाकलं होतं. नंतरच्या प्रत्येक खेपेला मन लावून धुऊन, घासून तिनेच तो थर काढून टाकला होता.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे अमला, वर्षभर तू औषध मोरीत ओतत होतीस," म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले.

शेवाळाच्या पानावर केसाहून बारीक जिवाणूंचे धागे राहत होते. विष त्यांचं होतं, शेवाळ नुसतं घरमालक.

बातमी गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. शेजारची सवरियाम्मा एका संध्याकाळी बाटली घेऊनच आली. तिच्या नवऱ्याला घशाचा कर्करोग होता.

"पोरी, थोडं दे. देवाशपथ कुणाला सांगणार नाही."

अमलाने तिला बसवलं. "आत्या, बशीतल्या पेशी फिनाइलनंही मरतात. म्हणून फिनाइल पाजायचं का त्यांना? हे औषध नाही, आत्ता तरी विषच आहे."

सवरियाम्मा बराच वेळ रिकाम्या बाटलीचं झाकण फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी अमला रजा काढून त्या दोघांबरोबर इस्पितळात गेली.

अमलाने बाटली दिली नाही ते बरंच झालं. परगावच्या रसायनशास्त्रज्ञांनी पाठवलेला नमुना तपासून कळवलं, की हा पदार्थ नवा नाही. दुसऱ्या समुद्रातल्या जिवाणूंत तो पूर्वीच सापडला होता, आणि निरोगी पेशींनाही तो तसाच मारतो. पांडियराजनने त्या दिवशी चिमटा काढला नाही. गुपचूप गावचे प्रसिद्ध, काजूचे गोड मॅकरून आणून तिच्या टेबलावर ठेवले.

अमला दोन दिवस जुन्या नोंदवह्या चाळत बसली. तिसऱ्या दिवशी ती मॅडमच्या दारात उभी राहिली.

"मॅडम, शेजारच्या खडकावरही हेच शेवाळ आहे, पण त्यावर हे धागे नाहीत. का नसतील?"

"त्यानं औषध मिळेल?"

"माहीत नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "बस. नीट सांग."

त्याच प्रश्नावर अमलाने डॉक्टरेट केली. आता ती मुलींच्या कॉलेजात शिकवते. थकलेला इन्नासी मामा आता बुडी मारत नाही, नुसती होडी धरून बसतो आणि ती पाण्यात उतरली की वरून ओरडतो, "अगं, शंख दिसला तर तोही घे!" गेल्या हिवाळ्यात तिच्या विद्यार्थिनींना दुसऱ्या एका शेवाळावरच्या थरात एक दुबळा पदार्थ सापडला. तो कर्करोगाच्या पेशींना हळूहळू मारतो, निरोगी पेशींना मात्र फारसा धक्का लावत नाही. तिसरी चाचणी चालू आहे. मुली रोज विचारतात, "मॅडम, हेच असेल का?" आणि अमला म्हणते, "बघू या की."