मंदाची डबी

हे मी नवऱ्याजवळ बोलले नाही, मुलीजवळ नाही. देवाजवळसुद्धा नाही – त्याला ठाऊक असेलच म्हणून सोडून दिलं. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी आशा कार्यकर्ती आहे. कोंढ्याकडच्या एका गावात, सोळा वर्षं झाली. टीबीची मोहीम माझ्या डोळ्यांदेखत कितीदा बदलली! आधी गोळ्या दिवसाआड होत्या, रोगी माझ्या ओसरीवर येऊन माझ्यासमोर गिळायचा. मग रोजच्या झाल्या. तपासणीला सूक्ष्मदर्शकाच्या जागी मशीन आलं. आता आहाराची पिशवी येते, आणि गाव टीबीमुक्त करायचं असं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलंय. डबी मात्र तीच राहिली. सकाळी उठल्या उठल्या छातीतून खाकरून बेडका काढायचा आणि डबीत टाकायचा. नुसती थुंकी चालत नाही, तिच्यात जंतू सापडतीलच असं नाही. हे मला जितकं पक्कं माहीत आहे, तितकं गावात कोणाला नाही.

गाव मोठं, म्हणून आशा दोन. दुसरी वंदना. माझ्यानंतर सहा वर्षांनी आली. डबीचं झाकण कसं घट्ट लावायचं हे तिला मी शिकवलं – मी! आणि थोड्याच दिवसांत आरोग्य केंद्राचे साहेब बैठकीत म्हणू लागले, वंदनाताईंना खोकला ऐकूनच रोग कळतो. तालुक्याला तिला शाल-नारळ मिळालं. मी टाळ्या वाजवल्या. पोटात किती दुखलं म्हणून सांगू? रोगी शोधण्यातही कोणी कोणाचा हेवा करतं का? मी केला. तिची स्कूटी दारावरून गेली तरी माझ्या भाजीत मीठ जास्त पडायचं. बायका मला चहाला बोलवत नसत असं नाही – पण आधी तिला.

एकदा लेकीच्या बाळंतपणासाठी वंदनाला नागपूरला जावं लागलं. जाताना म्हणाली, "ताई, माह्या भागातल्या मंदाचा खोकला मले बरा नाही वाटून राहिला. तिची डबी तेवढी घेऊन ठेवजा." मंदा म्हणजे धानाच्या रोवणीला मजुरीनं जाणारी, तिशीची, दोन मुलींची आई.

मी गेले. पण केव्हा? सकाळी नाही – दुपारी, तिचं जेवण झाल्यावर. डबी पुढे केली. ती खाकरली, काही निघेना. पुन्हा खाकरली. डबी तिच्याकडे ठेवून, उद्या उठल्यावर भर, एवढं सांगायला काय लागत होतं? मी म्हणाले, "थुंक तेवढंच. चालते."

मी विसरले नव्हते. घाईतही नव्हते. वंदनाचा अंदाज एकदा तरी चुकावा, बैठकीत तिचं तोंड उतरावं – एवढंच मनात होतं. कागदावर मी लिहिलं, सकाळचा बेडका. रिपोर्ट आला, रोग नाही. त्या दिवशी मी घरी शेवयांची खीर केली. कबूल करायचं तर सगळंच करावं.

"मले काही नाही निघालं," असं सगळ्यांना सांगत मंदा रोवणीला गेली – खोकत खोकत. वंदना परतल्यावर तिला राहवेना, पुन्हा तपासू म्हणाली. मी तिलाच हसले. मशीन खोटं बोलते काय?

धान लोंबीवर आलं तेव्हा मंदाला रक्ताची उलटी झाली. दोन्ही फुप्फुसं गेली होती. गोळ्या सुरू झाल्या, पण फार उशीर झाला होता. दिवाळीच्या आधी ती वारली. धाकट्या मुलीच्या मानेला गाठ आली, तीही टीबीचीच.

वंदनाने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. "मी दुसरी डबी घ्याले पाहिजे होती," हेच बोलत राहते. बैठकीत मागे बसते, साहेबांनी विचारलं तरी खाली पाहते. तिचं तोंड उतरलेलं मला पाहायचं होतं ना? आता दर बैठकीत पाहते.

परवा ती मंदाच्या धाकटीला गोळ्या देऊन माझ्याकडे आली. चहा तसाच ठेवला तिने. मग म्हणाली, "मंदानं मले माफ केलं असन काय वो, ताई?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "केलं असन."