आतोबांचा नदीवरचा बेत

घरातल्या घरात अख्खी नदी पार करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझे आतोबा. माझ्या आत्याचे हे यजमान कल्याणला राहत, एका कचेरीत कारकुनी करत आणि उरलेला सगळा वेळ उल्हास नदी होडीतून उतरण्याचा बेत आखत. दुसरं महायुद्ध संपल्यावर जवळच्या लष्करी छावणीतलं सामान विकायला निघालं, तेव्हा लोकांनी कांबळी आणली, बूट आणले, पत्र्याच्या पेट्या आणल्या. आतोबांनी कॅनव्हासची घडीची होडी आणली. तिच्यात दोघं बसत. दुसरा माणूस म्हणून त्यांनी मला न विचारताच माझं नाव नक्की केलं. मी तेव्हा डोंबिवलीला राहत होतो आणि मला पोहता येत होतं, एवढाच माझा गुन्हा.

"खाडीत फिरवू या की," मी एकदा सुचवलं.

"छे! इथे येईपर्यंत पाणी दमलेलं असतं रे. घाट उतरल्या उतरल्या ते दगडांतून कसं पळतं, ते मला त्याच्या पाठीवर बसून पाहायचंय."

मग वर्षानुवर्षं दर रविवारी माजघरात होडी उघडली जाई. आम्ही दोघं आत बसून हवेत वल्ही मारत असू. आतोबा "खडक!" म्हणून ओरडले की मी डावीकडे झुकायचं, आणि आत्याने ताटं घेऊन उजवीकडून जायचं. त्यांच्या मुलीला पाहायला मंडळी आली, तेव्हा आतोबांनी मुलाला एकच प्रश्न विचारला, "होडी उलटली तर आधी काय सोडाल, वल्हं की चपला?" तो बिचारा घाबरून "चपला" म्हणाला. आतोबांनी तिथल्या तिथे होकार दिला. जावई पुढे फार चांगला निघाला, हे मात्र खरं.

आत्याला हा सगळा खेळ मुळीच आवडत नसे. तिचं माहेर त्याच नदीकाठचं. "पावसाळ्यात ती नदी माणूस ओळखत नाही," एवढंच ती म्हणे. पण निवृत्ती जवळ आली तसे आतोबा हट्टालाच पेटले. शेवटी गणपती गेल्यावर आत्याने परवानगी दिली, ती एका अटीवर. पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला बांधतात तसा पत्र्याचा बंद डबा आतोबांनी पाठीला बांधायचा.

कर्जतच्या वरच्या अंगाला आम्ही होडी पाण्यात घातली. पहिल्या वळणापर्यंत सगळं माजघरासारखं झालं. आतोबांनी आरोळी दिली, मी झुकलो, खडक बाजूने गेला. मागे वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतका आनंद मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. पुढच्या वळणावर पांढऱ्या फेसाखेरीज काही दिसेना. आतोबा काहीतरी ओरडले, पण पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. कॅनव्हास टरकन फाटलं आणि आम्ही दोघं पाण्यात पडलो. मी वर आलो तेव्हा डबा तेवढा दिसत होता. मी त्याचा दोर धरून ओढला, दगडांवर गुडघे फोडून घेतले आणि कसेबसे आम्ही काठाला लागलो.

आतोबांनी आधी तोंडातलं पाणी थुंकलं. मग म्हणाले, "तुला लागलं का रे?" सडकेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

घरी आत्याने विचारलं, "कसं झालं?"

"छान झालं," एवढं म्हणून ते आंघोळीला गेले.

त्यानंतर रविवार नुसतेच येऊ लागले. आतोबा निवृत्त झाले, वेळेवर जेवू लागले. माजघर मोकळं झालं. ज्या शांततेसाठी आत्या इतकी वर्षं आसुसली होती, ती तिला दोन महिनेही सोसली नाही. एकदा मला स्वयंपाकघरात बोलावून ती हळूच म्हणाली, "अरे, त्यांना दुसरी कुठली तरी नदी सुचव ना."

मी बाहेर येऊन कोकणातल्या एका नदीचं नाव घेतलं. तिथलं पाणी कसं उसळतं, ते ऐकीव माहितीवर रंगवून सांगितलं. आतोबा हसले.

"तू जाऊन ये," ते म्हणाले, "आणि मला सगळं सांग." मग ऐकायला मांडी घालून, पुढे सरकून बसले. मी अजून निघालोही नव्हतो.