सूर्याला दादा म्हणणाऱ्या काकू

खालच्या काकू सूर्याला दादा म्हणायच्या. तेही आइंडहोवनच्या सूर्याला, जो हिवाळ्यात दूरच्या नातेवाइकासारखा तोंड दाखवून पळतो.

काकू म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या डच शेजारीण, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. मला ‘बुरमान’, म्हणजे शेजारीबुवा, म्हणत. लॉकडाऊनमध्ये गाण्यानं विषाणू पसरतो म्हणून त्यांचा चर्चमधला गायनवृंद बंद पडला. मग त्या सकाळी बाल्कनीत एकट्याच गाऊ लागल्या. स्तोत्र मध्ययुगातलं. सर्वस्व सोडलेल्या एका साधूनं सृष्टीकर्त्याचं कौतुक करताना सूर्य, वारा, अग्नी यांना भाऊ केलं आणि चंद्र, पाणी, माती यांना बहिणी.

“दुसरा आवाज हवाय, बुरमान.”

माझं डच दूध-पाव आणण्यापुरतं. तरी वरच्या बाल्कनीतून घोकून घोकून शिकलो. पहिल्याच दिवशी सवयीनं आरतीच्या टाळ्यांचा ठेका धरला.

“पाखरं हाकलतोस का?” खालून विचारणा झाली.

एकदा सायकलवरून आलो तो समोरच्या वाऱ्याला शिव्या घालतच. काकू म्हणाल्या, “माझ्या भावाला काही बोलायचं नाही! त्या साधूकडे काही नव्हतं, म्हणून सगळे त्याचे. मालकी सोडली की नाती जुळतात.” मी गंभीरपणे मान डोलावली आणि सायकलीला दोन कुलपं लावली.

पण शेवटून दुसऱ्या कडव्याचा अर्थ कळला आणि हबकलोच. त्यात मृत्यूलाही बहीण म्हटलंय, आणि तिच्यासाठी देवाचे आभार मानलेत! टीव्हीवर रोज मृतांचे आकडे, आणि या बाई हसत गातायत.

“काकू, शुभ बोला हो!”

“ती येणारच आहे. दार उघडण्याआधी ओळख असलेली बरी.”

पुढच्या थंडीत काकूंनाच कोविड झाला. डॉक्टर येऊन गेले आणि काकूंनी आम्हाला फोनवर भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, “हॉस्पिटलला नको म्हटलंय. घरीच राहीन.” बायकोच्या हातातला कप निसटला. आमच्याकडे असलं काही माणूस स्वतः ठरवत नाही, नातेवाईक भांडून ठरवतात.

“सकाळी परिचारिकेला माझं बाल्कनीचं दार उघडं ठेवायला सांगते. सगळं स्तोत्र गा. सगळं!”

सकाळी गायलो. सूर्य झाला, वारा झाला, पाणी झालं. मृत्यूचं कडवं आलं आणि मी बेमालूमपणे ते ओलांडून थेट समारोपावर उडी मारली. लगेच फोन वाजला.

“एक कडवं खाल्लंस.”

“काकू, आमच्याकडे आरतीत मधली कडवी गाळायची पद्धत आहे.”

खोकल्याची मोठी उबळ. “देव रागावत नाही?”

“त्याला सवय झालीय.”

“मला नाही झाली. गा.”

बायकोनं माझा दंड घट्ट धरला. मी सुरुवात केली, आणि खालून आवाज आला. इतका वेळ ज्यांना ‘गा’ म्हणतानाही धाप लागत होती, त्या काकू ‘बहीण’ शब्दावर माझ्याहून मोठ्यानं गात होत्या. जिन्यात थांबलेल्या कुणाला वर बोलवावं तसं. सूर माझाच चुकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परिचारिका ते दार लावायला बाल्कनीत आली. वर बघून तिनं नुसती मान हलवली.

“गेल्या?” बायकोनं विचारलं.

मला ‘हो’ म्हणवेना. काल इतक्या हौसेनं हाक मारल्यावर कुणीतरी घ्यायला आलं होतं, एवढंच मला कळत होतं.