दुपारी भाऊजी कुठे जातात

विश्वास टाकणं तिला एकदाच महागात पडलं होतं, पण ते आयुष्याला पुरलं. भालाफेकीत तिच्या तोडीची मुलगी तेव्हा शोधून सापडली नसती. एका मोठ्या स्पर्धेआधी तिचा खांदा ठणकायला लागला. तिला भालाफेक शिकवणारे सर डॉक्टरांशी दाराआड काहीतरी बोलले आणि बाहेर येऊन म्हणाले, "जराशी सूज आहे गं. फेक बिनधास्त." तिने फेकला. भाला बरा लांब गेला, खांदा मात्र कामातून गेला. पुढे कधीतरी बाजारात भेटलेले तेच डॉक्टर सहज बोलून गेले, "मी तर तुमच्या सरांना तेव्हाच सांगितलं होतं, हिला फेकू देऊ नका म्हणून."

तेव्हापासून कुणी गोड बोललं, की तिला आधी त्यामागचं कारण हवं असायचं.

कंपनी निघाली तीही त्याच रागातून. दंडाला बांधायची एक पट्टी, आत सेन्सर. स्नायूवरचा ताण हद्दीबाहेर गेला, की फोनवर इशारा वाजणार. माणूस खोटं बोलेल, पट्टी बोलणार नाही, असं तिचं म्हणणं. पट्टीचं सगळं इंजिनीअरिंग धाकट्या दिराकडे, म्हणजे भाऊजींकडे होतं. माणूस अबोल, चष्मा सदा नाकाच्या शेंड्यावर. नवरा दातांचा डॉक्टर. खाली त्याचा दवाखाना आणि वरच्या दोन खोल्यांत कंपनी, त्यामुळे मीटिंगमध्ये मधूनमधून कुणाच्या तरी दाढेचा आवाज यायचा.

खेळाचं सामान बनवणारी एक बडी कंपनी पट्टी घ्यायला राजी झाली. सगळं जुळत आलं आणि नेमके तेव्हाच भाऊजी दुपारचे गायब व्हायला लागले. जेवण झालं की बॅग उचलायची, "आलोच वहिनी," म्हणायचं आणि उगवायचं ते दिवेलागणीला. फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचं. ती खोलीत शिरली की स्क्रीनवरचं काहीतरी झटकन बंद करायचं. कपाटातल्या तयार पट्ट्याही कमी दिसायला लागल्या. तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

"तुझा भाऊ आपली पट्टी बाहेर विकतोय," तिने नवऱ्याला सांगितलं.

"कोण, तो?" नवरा हसला. "अगं, त्याला घरातला जुना सोफा विकता आला नाही."

"अशी साधी दिसणारी माणसंच दाराआड बोलतात."

दुसऱ्या दिवशी ती भाऊजींच्या मागे निघाली. एवढी उंच बाई लपणार तरी कुठे? कोपऱ्यावरच्या टायरवाल्याने लांबूनच हात केला, "काय मॅडम, इकडे कुठे?" तिने डोळे वटारले तसा तो बिचारा टायरात तोंड घालून बसला. भाऊजी गल्ली ओलांडून मुलींच्या एका शाळेत शिरले आणि मागच्या क्रीडागृहात गेले. सौदा कुणाशी चाललाय ते रंगेहाथ पकडायचं, या तयारीने तिने दार ढकललं.

आत मुली हँडबॉल खेळत होत्या. काडीसारखे दंड आणि प्रत्येकावर तिची पट्टी. तेवढ्यात एक मुलगी चेंडू फेकून कळवळली आणि खांदा धरून खाली बसली. भाऊजींच्या हातातला फोन ढिम्म होता.

"वहिनी? तुम्ही माझ्या मागावर आलात?"

"हे काय चाललंय ते आधी सांगा."

भाऊजींनी चष्मा काढला. "बारीक दंडावर पट्टी गप्प राहते. ताण वाढला तरी कळत नाही. आपण सगळ्या चाचण्या मोठ्या पुरुष खेळाडूंवर केल्या ना."

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"महिना झाला असेल."

"आणि मला बोलला नाहीत!"

"दुरुस्त करूनच सांगावं म्हटलं. तुम्हाला काही सांगायचं म्हणजे उलटतपासणीच असते, वहिनी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "थोड्या दिवसांत जमेल. तोवर त्या लोकांना काही बोलायला नको."

सरांनीही दाराआड असंच काहीतरी ठरवलं असेल. आधी स्पर्धा होऊ दे, मग बघू. तिने त्या मुलीला स्वतः डॉक्टरांकडे नेलं, तिच्या आईलाही बोलावून घेतलं, आणि डॉक्टर जे काही बोलले ते मुलीसमोरच बोलायला लावलं. नशिबाने स्नायू नुसता दुखावला होता.

मीटिंगमध्ये तिने कुणी विचारायच्या आत सगळं सांगून टाकलं. खाली दाढ कोरली जात होती. बड्या कंपनीच्या साहेबांनी लॅपटॉप मिटला. "तुम्ही बोलला नसतात तर आम्हाला कळलंही नसतं."

"म्हणूनच बोलले."

साहेब चहा अर्धा टाकून गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत. लोक म्हणाले, बाईने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. नवी, अरुंद पट्टी यायला पुढे वर्ष लागलं आणि ती आधी घेतली ती शाळांनी. कंपनी वाढली नाही फारशी, पण तगली.

भाऊजी कामाला येत राहिले. रविवारचं जेवायला येणं मात्र त्यांनी बंद केलं. अखेर एकदा तिने त्यांना जिन्यात गाठलं.

"किती दिवस राग धरणार, भाऊजी?"

"मी लपवलं, ते चुकलंच. पण तुम्ही मला चोर ठरवलंत. पुढच्या वेळी मागे येऊ नका, सरळ विचारा."

"विचारीन," ती म्हणाली. भाऊजी पायऱ्या उतरायला लागले, आणि इतकं चटकन ऐकून घेऊन हे निघाले कुठे, म्हणून ती कठड्यावरून वाकून बघत राहिली.