बटाट्याशिवाय सँडविच

सँडविचच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. ब्रेड ताजा हवा, कडा कापायच्या नाहीत, बटर चारी कोपऱ्यांपर्यंत गेलंच पाहिजे आणि हिरवी चटणी दोन्ही बाजूंना. मधे काकडी, टोमॅटो, बीट, कांदा आणि उकडलेला बटाटा. बटाटा नसेल तर मी त्याला सँडविच म्हणतच नाही.

आणि माझ्या मुलाने पसंत केली जैन मुलगी! मुलगी गोड, इथली भाईंदरचीच, मराठी आपल्यासारखंच बोलणारी. पण ती पहिल्यांदा घरी येणार म्हटल्यावर मला एकच काळजी लागली. उद्या सून होऊन आली आणि माझ्या हातचं खाल्लंच नाही तर? एका घरात दोन चुली? मुलगा म्हणाला, "आई, बाहेरून मागवूया ना, उगाच टेन्शन." मी म्हटलं, "वा रे वा! सून माझी आणि खाणार हॉटेलचं?"

तिला कांदा, बटाटा, लसूण चालत नाही, एवढं त्याने सांगितलं होतं. मग केबिन रोडवरून कच्ची केळी आणली, उकडून बटाट्यासारख्या चकत्या केल्या. चटणी नुसती कोथिंबीर, मिरची, लिंबाची. स्वतःवरच खूश होते मी.

तिने प्लेट पुढे ओढली आणि तिचा हात थांबला. ब्रेडमधून लालभडक चकती डोकावत होती.

"आंटी, सॉरी हं, बीट पण नाही चालत. जमिनीखालचं ना ते."

अगं बाई! जे बटाट्याचं, तेच बिटाचं. एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नव्हती. मुलाने 'सांगत होतो ना' अशा नजरेने पाहिलं. खरं सांगते, मला रडूच यायला लागलं.

मी प्लेट उचलून आत गेले, तर ही उठून सरळ माझ्या मागे स्वयंपाकघरात. बीट कापलेला चाकू तिने घासून धुतला. "केळं उरलंय ना, आंटी? मग झालं तर." तिने काकडी कापली, बटर मी लावलं. ते मी कुणालाच लावू देत नाही.

तिने ओट्यापाशीच उभं राहून पहिला घास घेतला. मी बघत राहिले.

"आंटी, चटणीत मीठ कमी आहे."

"काय गं, पहिल्याच दिवशी?" मी डोळे मोठे केले, पण आतून इतकी सुखावले म्हणून सांगू! पाहुणी कधी असं तोंडावर बोलते का? मिठाची बरणी तिच्यापुढे सरकवली. "घाल तुझ्या हाताने."

तिने चिमूटभर घातलं, ढवळलं, बोटाने चाखलं आणि दुसऱ्या सँडविचसाठी ब्रेड काढला.