नळी पोचेल तिथवरची कॉफी

फोन वाजला तेव्हा माझ्या हातात सुया खोचलेलं बूच होतं. मी हॉस्पिटलातून आंघोळीपुरती आणि कॉफीपुरती घरी आले होते. आदल्या संध्याकाळी प्रभावहिनीने मास्क जरासा बाजूला करून मला बजावलं होतं, "उद्या थर्मासमधून आण. इथली नको... आपली." डॉक्टरांनी जीभ ओली करण्यापुरती परवानगी दिली होती. म्हणून मी कॉफीच्या बिया दळून पूड कॉफीच्या मशीनच्या दांडीच्या गाळणीत घेतली होती आणि तिने शिकवलं होतं तशी सुयांनी कडेकडेने मोकळी करत होते. हॉस्पिटलातून फोन करणारी मुलगी फार हळुवार बोलली. मी "हो" म्हटलं, "निघते" म्हटलं, बूच ताटलीत ठेवलं आणि निघाले. पूड तशीच राहिली, दाबायची बाकी.

त्यानंतर जो भेटायला आला त्याने एकच शब्द उच्चारला. सुटली. मराठी मंडळातल्या बायका म्हणाल्या, "सुटल्या हो बिचाऱ्या." खालच्या मजल्यावरचे घोषबाबू हात जोडून म्हणाले, "बौदी मुक्ती पेलेन," वहिनींना मुक्ती मिळाली. मी मान हलवत राहिले, पण आतून मला संताप येत होता. जिला कुठेतरी जायचं होतं ती जाऊ शकली नाही, आणि या जगातून गेल्यावर तिला सुटली म्हणायचं! एखादा माणूस खोलीतून बाहेर पडायला धडपडत असताना खोलीच पाडून टाकली, तर तो सुटला असं म्हणतात का? असो. माणसं चांगल्या मनानेच बोलतात, आणि बोलायला दुसरं असतंही काय.

वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. सांगलीहून लग्न होऊन आली ती थेट इकडे बंगालात, आमच्या बेहालाच्या घरात. माझा जन्म इथलाच, वडिलांची नोकरी इथली, त्यामुळे बंगाली बोलणं मला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. तिला मात्र एक अक्षर येत नव्हतं. आम्ही दोघी जवळपास एकाच वयाच्या, म्हणून पहिल्या दिवसापासून अगंतुगं. चिडली की मात्र ती मला "अहो वन्सं" म्हणायची, आणि ते ऐकलं की समजायचं, आज काही आपली धडगत नाही. मी शाळेत शिकवायचे, लग्न केलं नाही, याच घरात राहिले. ती पुढे बंगाली शिकली, पण सांगलीच्या चालीत. मासळीबाजारात ती घासाघीस करू लागली की कोळणी हसून हसून भाव उतरवायच्या. आणि तिच्या चकल्या! मंडळाच्या गणपतीत डबे यायचे बऱ्याच घरांतून, रिकामा व्हायचा तो आधी तिचा. खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत ती उभी राहायची. "कशी झालीय" असं तिने कधी विचारलं नाही. तोंड बघून तिला कळायचं.

दादा वारला, त्यांचा मुलगा निखिल नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात आम्ही दोघी उरलो. मग तिला दम लागायला लागला. आधी जिन्यात, मग खोलीतल्या खोलीत. फुप्फुसं आखडत चालली आहेत, आणि आखडलेली पुन्हा मऊ होत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. भाड्याने ऑक्सिजनचं मशीन आणलं. बैठकीच्या कोपऱ्यात ते दिवसरात्र घरघरत राहायचं आणि त्यातून निघालेली पारदर्शक नळी तिच्या नाकापर्यंत जायची. मशीन बसवणाऱ्याने बजावलं होतं, नळी याहून लांब केली तर हवेचा जोर कमी पडेल. तेव्हापासून त्या नळीची लांबी म्हणजे वहिनीचं जग. पलंग, संडास, जेवणाचं टेबल. गॅलरीचं दार जेमतेम राहून जायचं. तिथून मोठ्या रस्त्यावरचा मेट्रोचा पूल दिसतो. तो बांधला जात असताना तिने वर्षानुवर्षं धूळ खाल्ली, आणि गाडी सुरू झाली तेव्हा तिचा जिना बंद झाला. एका दुपारी नाकातली नळी काढून ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी धावत जाऊन ओरडले, तर म्हणते, "थांब गं, एक गाडी तर जाऊ दे." ओठ निळे पडले होते. गाडी आली, तिने ती शेवटच्या डब्यापर्यंत बघितली, आणि मग मी तिला जवळजवळ उचलूनच आत आणलं.

पण तिला खरा फटका बसला तो स्वयंपाकघराचा. ऑक्सिजनची नळी नाकात असताना गॅसजवळ जायचं नाही, ठिणगीसुद्धा चालणार नाही, असं सक्त फर्मान होतं. इतकी वर्षं जिच्या हाताखाली ती शेगडी होती तिला आता दारातूनही बघायची बंदी. मी करायचे आणि ती खायची. एकदा जेवता जेवता ताटावरून हात काढून म्हणाली, "सुनंदा, मी आता नुसती खाणारी झाले गं. कुणाच्या तोंडात माझ्या हातचं काही जाणार नाही... हे असं किती दिवस?" मीही त्या घरघरीत अडकलेलेच होते. बाजारात गेले तरी कान घराकडे. वीज गेली तर, जोडीला ठेवलेल्या ऑक्सिजन सिलिंडरची चावी तिला फिरवता आली नाही तर... भाजी घेऊन जिना चढताना दर मजल्यावर मी थांबून मशीनचा आवाज ऐकायचे. तो ऐकू आला की बरं वाटायचं, आणि घरात शिरले की तोच आवाज नकोसा व्हायचा.

मी हे सगळं कळवल्यावर निखिलने एक खोकं पाठवलं. विजेवर चालणारं एस्प्रेसोचं मशीन आणि कॉफी दळायचं छोटं यंत्र. ज्वाळा नाही, धूर नाही. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी शेगडीपासून दूर ठेवा म्हटलं. आम्ही भांड्यांचं बुटकं कपाट ओढून नळी जिथवर पोचते तिथे, खिडकीखाली आणलं, त्यावर ते मशीन मांडलं आणि समोर खुर्ची. वहिनी पदर खोचून बसली. तिला पदर खोचताना मी किती दिवसांनी पाहत होते!

पहिल्या दिवशी तिने जे केलं ते जगात दुसऱ्या कुणी केलं नसेल. गाळणीत पूड घेतली, पाण्याचा हात घेतला, आणि चकलीचं पीठ सोऱ्यात भरतात तशी ठासून, थापून, दट्ट्याने अशी काही दाबली की मशीन कण्हत राहिलं आणि खाली थेंब आला नाही. निखिल व्हिडिओवर बघत होता. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "आई, पाणी लावलंस? आणि एवढं दाबलंस? अगं, तो सोऱ्या नाही!"

"दट्ट्या आहे, जाळी आहे, वरून जोर द्यायचा, खालून निघायचं. सोऱ्यात अजून वेगळं काय असतं रे?"

दुसऱ्या दिवशी कोरडी पूड, हलका हात. आता एकाच बाजूने पिचकारी उडाली आणि भिंतीवरचं कॅलेंडर रंगलं. कप भरला, पण आंबट आणि कडू एकाच वेळी. घोषबाबू बिचारे रोज हजेरी लावायचे, चहाचे भक्त असूनही. घोट घेऊन म्हणायचे, "भालोई तो, बौदी," चांगलीच आहे की, आणि कप खाली ठेवताना त्यांचा चेहरा काढा प्यायलेल्या पोरासारखा व्हायचा. वहिनी तो चेहरा बघायची. ते गेले की म्हणायची, "फसवतोय मला."

मग तिने गाळणीतली वापरलेल्या पुडीची वडी ताटलीत उलटी केली आणि चष्मा लावून फोडून पाहिली. मला बोलावलं. वडीच्या एका कडेला फिकट, धुपल्यासारखी रेघ होती आणि दुसऱ्या बाजूला पूड जवळजवळ कोरडी. "बघ. पाणी आळशी असतं. जिथे भुसभुशीत मिळालं तिथून पळालं, बाकीच्यांना शिवलंसुद्धा नाही. चकली का तुटते? पिठात हवा राहते म्हणून. इथेही कुठेतरी हवा राहतेय." दळलेल्या पुडीत बारीक बारीक गुठळ्या असतात, आणि ती गाळणीत पडते तीही एका अंगाला जास्त. वरून दाबलं की दिसायला सपाट, पण आत जागोजाग पोकळ्या तशाच. दाबण्याआधी पूड सारखी व्हायला हवी होती. चमच्याने करून पाहिलं, चमचा जाड पडला. शेवटी तिने मला कपाटातून मोती ओवायच्या सुया काढायला लावल्या. गौरीच्या महिरपी करायची त्या, केसासारख्या बारीक. मधाच्या जुन्या बाटलीच्या बुचात त्या टोकाकडून खुपसल्या, नेढी बाहेर. त्याने गाळणीच्या तळापासून पूड लहान लहान गोल फिरवत मोकळी करायची, आधी कडेने, मग मधे, मग वरवर. पूड रव्यासारखी सुटी झाली की गाळणी एकदाच आपटायची, आणि मग दट्ट्या सरळ धरून दाबायचा.

त्या दिवशी धार आली ती बारीक, मधासारखी, न फुटता. घोषबाबूंनी घोट घेतला. दुसरा घेतला आणि डोळे मिटले. वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंस?" तिचा तसा चेहरा मी मंडळाच्या गणपतीनंतर पाहिला नव्हता. त्यानंतर आमच्याकडे येणारा प्रत्येकजण, बिल घेऊन येणारा माणूससुद्धा, कॉफी घेतल्याशिवाय जिना उतरला नाही. ती स्वतः एक घोट घ्यायची, तोही चवीची खात्री करायला.

याच दिवसांत डॉक्टरांनी तिला छातीचा नवा फोटो दाखवला. जिथे अजून मऊ आहे तिथेच हवा जाते, म्हणाले, आखडलेल्या भागात पोचतच नाही. तिने फोटो बराच वेळ पाहिला आणि मला मराठीत म्हणाली, "म्हणजे माझी पण पूड नीट पसरलेली नाही." डॉक्टरांनी विचारलं काय म्हणतात, तर मी कसंबसं "काही नाही" म्हटलं. घरी येईपर्यंत आम्ही दोघी हसत होतो, आणि तिसऱ्या मजल्यावर खुर्चीतून तिला वर चढवताना मला रडू फुटलं.

मग तिचे हात थरथरायला लागले. बूच धरवेना. आता हे पण सुटणार, हे तिच्याआधी मला कळलं असावं, कारण एका सकाळी तिने विचारायच्या आतच मी बूच हातात घेतलं. ती बाजूला बसून हुकूम सोडू लागली. "मधे काय ढवळतेस? कडेला बघ. अहो वन्सं, भांडी घासत नाही आहात आपण!" एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागायचं. पण थांबून, श्वास गोळा करून, ती मला रागवायचीच. माझी पिचकारी उडाली की वडी फोडायला लावायची आणि बोटाने दाखवायची, इथे. मला राग यायचा. सकाळची कामं पडलेली, आणि ही मला पुडीत सुया फिरवायला बसवते! पण कॉफी नीट आली की ती कप दोन्ही हातांत धरून येणाऱ्यासमोर करायची, आणि ती तिच्या हातची असायची. हे तिला टिकवायचं होतं, आणि माझ्याशिवाय ते टिकणार नव्हतं. आम्ही दोघी मिळून त्या कपाटापाशी कोंडलेल्या होतो, आणि खरं सांगू? आता त्या कोंडण्याचीच आठवण येते.

मग ते हॉस्पिटल, तो फोन. तिचे दिवस झाले, त्यासाठी आलेला निखिल परत पुण्याला गेला. जाताना म्हणाला, "आत्या, आता इथे एकटी कशाला अडकून राहतेस? माझ्याकडे चल. जागा आहे, लिफ्ट आहे." पोरगा मनापासून बोलला. मी म्हटलं, बघते. खरंच बघत होते. दार उघडं, वेळ माझा, जिना उतरायला पाय शाबूत. ऑक्सिजनचं मशीन त्या माणसाने केव्हाच नेलं. घरात इतकी शांतता झाली की पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. मी रोज ठरवायचे, आज मेट्रोत बसून येऊ, तिच्या वाटचं. आणि रोज बाजारातून धावत घरी यायचे, मजल्यामजल्यावर थांबून.

गाळणीतली ती पूड मात्र मी टाकली नव्हती. कपाटावर तशीच होती, वाळून फिकी पडलेली, आणि तिच्यावर सुयांची गोल गोल वळणं अजून दिसत होती. काल सकाळी एकदाची ती झाडाच्या कुंडीत उपडी केली. नवी दळली. बूच घेतलं, आधी कड, मग मधे. दट्ट्या सरळ. धार बारीक आली, फुटली नाही. रागवायला कुणी नव्हतं, पण रागवण्यासारखं काही झालंही नव्हतं. घोषबाबू यायला अवकाश होता. म्हटलं, गॅलरीत उभं राहून प्यावी, एक गाडी जाईपर्यंत. कप घेऊन मी निघाले. दोन पावलं टाकली, तिसरं पाऊल नेहमीसारखं उंच उचललं, आणि तिच्या नळीवर पाय पडू नये म्हणून जपून पलीकडे टाकलं.